येता, पूण रावना

सव्वीस बंदरं म्हणजे सव्वीस ठिपके:
मुंद्र्यापासून तुतिकोरिनपर्यंत, पलीकडे कोलंबो, जेबेल अली, सलाला.
आठवड्यात एखादं जहाज एका ठिपक्यावरून सुटून दुसऱ्याला टेकलं
की दोघांत एक रेघ.
जितके डबे तितकी जाड.
एवढंच माझं मॉडेल.
बाकीची भाषा अनुदानाच्या अर्जासाठी.

खालची पट्टी बोटानं ओढली की वर्षं जातात.
जिथे चार जहाजं लागतात, पाचवंही तिथेच वळतं.
हा नियम मी घातला नव्हता, आकड्यांतून आपोआप वर आला,
पेजेवर निवळ यावी तसा.
मोठे ठिपके फुगत जातात
आणि मुरगावची रेघ
आधी दोऱ्याएवढी, मग केसाएवढी,
मग एका मार्चात नाही.
पडद्यावर याला अर्धा सेकंद लागतो.

वास्कोत, बेकरीच्या माडीवर, रोमाल्ड कुलासोंची एजन्सी होती.
आता तिथे दहावीची शिकवणी चालते.
वह्या त्यांनी घरी नेल्या, सड्यावर. एकोणतीस,
कापडी पुठ्ठ्याच्या, वाळवीनं एकच खाल्लेली.
जहाजाचं नाव, पायलट चढला ती वेळ,
उतरवलेले, चढवलेले.
काही ओळींत आकडाच नाही. नुसतं 'ये. रा.'
दोन महिने मी त्या ओळींना शून्य दिलं,
मग विचारलं.

"येता, पूण रावना," म्हणाले. "तशें आसता तें, बाये."
वेळापत्रकात नाव असतं. डबे धक्क्यावर, सील लावलेले.
जहाज दीपगृहासमोर येतं, वेग कमी करतं,
तेवढ्यात कुठल्याशा लांबच्या कचेरीतून निरोप:
पंधराच ना? सोडा गोवा, पुढे चला.
आणि ते आपले दिवे घेऊन कोचीकडे.
मग रात्रभर फोन.
विलासिनी हरमलकरांचा काजूचा डबा,
हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकानं दिलेली तारीख,
म्हणून मुत्तप्पा ट्रक काढणार, पत्रादेवीचा नाका ओलांडणार,
दोन रात्री उत्तरेला हाकून डबा न्हावा-शेवाला चढवणार,
आणि कोलंबोला जाताना तो डबा
पुन्हा गोव्यासमोरूनच जाणार.
"दोनदां गेलो तो गोंयांतल्यान. तुज्या नकाशांत एकदां तरी दिसता?"

दिसत नव्हता.
त्यानं न्हावा-शेवाची रेघ तेवढी जाड केली होती.

तेव्हापासून माझ्याकडे दोन प्रकारची शून्यं आहेत.
एक, जहाज नव्हतंच त्याचं.
दुसरं, आलं आणि टेकलं नाही त्याचं.
दुसऱ्याला तुटक रेघ दिली, पट्टी पुन्हा ओढली:
खरी रेघ मिटायच्या चार वर्षं आधीपासून
मुरगावभोवती तुटक रेघा दाट होत गेलेल्या.
(आणखी एका ठिपक्याभोवती सध्या होताहेत.
नाव अहवालात आहे, तो कुणी उघडलेला नाही.)
कुलासोंना हे पट्टी न ओढताच कळलं होतं.
तिसऱ्या वर्षी त्यांनी धाकट्याला, जेविटोला,
क्रेनवर नोकरी धरायला सलालाला पाठवलं.
तो जाड ठिपका थोडा त्याच्यामुळेही आहे.

परवा संध्याकाळी सड्यावर त्यांच्या बाल्कनीत बसलो होतो.
लांब, क्षितिजाला चिकटून एक जहाज, डब्यांचे सात थर.
कुलासोंनी घड्याळ पाहिलं, वही काढली. तिसावी, नवी.
सात दहा. ये. रा.
"पण याच्या वेळापत्रकात गोवा नाहीच की आता."
ते पेनाला टोपण लावत राहिले.
टोपण सैल झालंय, नीट बसत नाही.

घरी येऊन मी ती नोंद भरायला घेतली.
पहिलं शून्य नव्हे. दुसरंही नव्हे.
रकाना रिकामाच सोडला.
प्रोग्राम आता दर वेळी त्या ओळीपर्यंत येतो
आणि थांबतो.